गच्चीवर का नाही जात? नववीतल्या एका मुलाच्या सिगरेटचं प्रकरण

मुलगा १५ वर्षांचा, नववीत, मुंबईच्या पूर्व उपनगरातली अनुदानित मराठी शाळा. दप्तरात लायटर सापडला म्हणून माझ्याकडे पाठवला. मी तिथे समुपदेशक म्हणून जाते, रोज नाही, ठरलेल्या दिवशी. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं की सिगरेट ओढतो, उद्धट आहे, मारामारी करतो, पालकांना बोलावणे. त्याचं नाव इथे लिहीत नाहीये, घरचे आणि वस्तीचे थोडे तपशील बदललेत, आणि लिहू का असं त्याला आणि त्याच्या आईला दोघांना विचारलंय.

माझ्याकडे यायच्या आधीच दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. एक, सरांनी वर्गासमोर कानाखाली दिल्या होत्या. दोन, 'दाखला घेऊन जा' ही भाषा सुरू झाली होती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत मारायला बंदी आहे हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत असतं आणि तरी हात उठतो, कारण 'सिगरेट म्हणजे वेगळी गोष्ट आहे ना मॅडम.' दाखल्याचं म्हणाल तर त्याच कायद्याचं कलम १६ मुलाला शाळेतून काढू देत नाही, पण ते संरक्षण आठवीपर्यंतच, आणि हा नववीत, म्हणजे नेमका ज्या वयात पोरं घसरतात तिथे कायद्याची छत्री संपते. त्यामुळे पहिलं काम मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये होतं, सत्र संपेपर्यंत दाखल्याचा विषय काढायचा नाही एवढं कबूल करून घेणं. मुख्याध्यापक चांगले आहेत, त्यांना फक्त कोणीतरी जबाबदारी घेतंय हे दिसायला हवं होतं.

पोरगा आत आला आणि खुर्ची सरकवून भिंतीला पाठ लागेल अशी बसला. बाहेर पॅसेजमध्ये दार आपटलं की मान वळायची. दर वेळी. बोलता बोलता, हसताना सुद्धा. चिठ्ठीतली 'मारामारी' काय होती विचारलं तर कळलं की मधल्या सुट्टीत एका मित्राने मागून येऊन खांद्यावर हात टाकला आणि याने वळून सरळ ठोसा मारला, आणि मग स्वतःच त्याला पाणी प्यायला घेऊन गेला. याला मस्ती म्हणत नाहीत. मागून येणारा हात म्हणजे मार हे ज्याच्या शरीराला पाठ झालंय त्याचा हात डोक्याची वाट बघत नाही.

सिगरेट का ओढतोस हा प्रश्न मी विचारत नाही. पोरांकडे त्याची तयार उत्तरं असतात, मित्रांमुळे, टेन्शनमुळे, स्टाइल म्हणून, मोठ्यांना जे ऐकायचंय ते ती देतात आणि तिथेच फाइल बंद होते. मी त्याला गणिताच्या वहीचं मागचं पान उघडायला सांगितलं आणि आठवडाभर तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या, कधी ओढली, कुठे ओढली, आणि त्या वेळी घरात कोण होतं. किती ओढली ते लिहू नको म्हटलं, आकडा लिहायला लागला की पोरं एकतर लपवतात नाहीतर फुशारकी मारतात.

पान परत आलं तेव्हा त्यात जे होतं ते बघून माझं सिगरेटवरचं लक्षच जरा हललं. शाळेच्या आसपास फार काही नव्हतं. सकाळी शाळेत येताना एक, साधारण साडेसहाला. मग एकदम रात्री साडेआठ ते साडेदहाच्या मध्ये दोन-तीन. रविवारी दुपारनंतर जास्तीत जास्त सहा. आणि 'घरात कोण' या रकान्यात रात्रीच्या प्रत्येक ओळीसमोर एकच शब्द, पप्पा. अजून एक गंमत (गंमत कसली), रविवारी सकाळी अकरापर्यंत एकही नाही, कारण पप्पा झोपलेले असतात. आता निकोटिनची तलफच याला ओढत असती तर रविवारची सकाळ कोरी राहिली नसती. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागते का हा फागरस्ट्रोम चाचणीतला नेहमीचा प्रश्न आहे, व्यसन शरीरात किती मुरलंय ते त्यावरून कळतं. याचं उत्तर शाळेच्या दिवशी हो आणि रविवारी नाही. म्हणजे शरीराचा भाग होता, पण घड्याळ दुसऱ्याच्या हातात होतं.

घर म्हणजे एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमधली चौथ्या मजल्यावरची २२५ चौरस फुटांची खोली. वडील टेम्पो चालवतात, आई तीन घरी पोळ्या करते, आणि एक नऊ वर्षांची बहीण. वडील पितात, आईला मारतात, याला पण मारायचे, आता उंची वाढल्यावर याला कमी. हे सगळं त्याने असं सांगितलं जसं कोणी भाजीचे भाव सांगावेत. मी सुरुवातीलाच त्याला सांगितलं होतं की तू बोलशील ते माझ्यापाशी राहील, पण तुझ्या किंवा घरातल्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला पुढे बोलावं लागेल आणि ते मी तुला सांगूनच बोलेन. ही अट आधी सांगायची असते, नंतर सांगितली की दगा वाटतो.

मग मी विचारलं, सिगरेट कुठे ओढतोस. म्हणाला, जिन्यात, पाचव्या मजल्याच्या वळणावर. बिल्डिंगची सगळी मोठी पोरं गच्चीवर असतात, सुट्या सिगरेटी तिथे फिरतात, तिथे सावली, वारा, कंपनी सगळं. तू गच्चीवर का नाही जात?

"गच्चीवरून आवाज येत नाही मॅडम."

पूर्ण प्रकरण या एका वाक्यात आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आत्ताही वाटतं. हा पोरगा सिगरेट ओढायला बाहेर जात नव्हता, तो पहाऱ्यावर बसत होता. खोलीत थांबलं तर पप्पा याच्याकडे बघून अजून पेटतात ("माझ्याकडे काय बघतो रे, मोठा झाला काय"), म्हणून बाहेर, पण एवढंच बाहेर की आवाज चढला, भांडं पडलं, बहीण रडली तर दहा पायऱ्या उतरून आत जाता येईल. आणि जिन्यात नुसतं बसलेलं पोरगं बघून येणारा-जाणारा विचारतो काय रे काय झालं, हातात सिगरेट असली की कोणी विचारत नाही, शिव्या घालून पुढे जातात. त्या वयाच्या पोराला शिव्या परवडतात, 'काय झालं' परवडत नाही.

पहिला झुरका कधी? लॉकडाऊनमध्ये. सहावीत, शाळा मोबाईलवर, टेम्पो उभा, वडील दिवसभर घरात, आणि त्यांनी टाकलेलं थोटूक. आपल्याकडे १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांची जी देशपातळीवरची पाहणी झाली, ग्लोबल यूथ टोबॅको सर्व्हे, २०१९ ची चौथी फेरी, त्यात सिगरेट सुरू करण्याचं मध्यक वय ११.५ वर्षं आलंय, बिडीचं १०.५ आणि मळायच्या-चघळायच्या तंबाखूचं तर ९.९. म्हणजे हा पोरगा काही जगावेगळा नाही. त्याच पाहणीत ८.५ टक्के मुलं-मुली सध्या तंबाखू घेतात असं आहे, मुलगे ९.६ आणि मुली ७.४, आणि हा मुलींचा आकडा मी प्रत्येक शाळेत मुद्दाम सांगते कारण दप्तरं फक्त मुलांची तपासली जातात.

आता घरातली मारहाण आणि सिगरेट यांचा संबंध माझ्या मनाचा आहे का, तर नाही. अमेरिकेत सॅन डिएगोला कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेच्या पेशंट्सवर फेलिट्टी आणि अँडा यांनी बालपणातल्या वाईट अनुभवांचा जो मोठा अभ्यास केला त्यातला धूम्रपानावरचा निबंध १९९९ चा, नऊ हजारांवर माणसं. मार, लैंगिक अत्याचार, आईला मार खाताना बघणं, घरात दारू-नशा, अशा प्रकारांपैकी पाच किंवा जास्त ज्यांच्या वाट्याला आले त्यांनी १४ वर्षांच्या आत सिगरेट सुरू करण्याची शक्यता, असं काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत, ५.४ पट निघाली. 'आईला मार खाताना बघणं' हा त्यात वेगळा मोजलेला प्रकार आहे हे लक्षात घ्या, स्वतः मार खाल्लाच पाहिजे असं नाही. अर्थात ती मोठी माणसं मागचं आठवून सांगत होती, विमा असलेली, कॅलिफोर्नियातली, त्यामुळे ५.४ हा आकडा उचलून आपल्या वस्तीवर चिकटवायचा नाही. शिवाय जिथे बाप मारतो तिथे बहुतेक वेळा बाप फुकतोही, थोटूक घरातच असतं, त्यामुळे कशाने काय झालं हे सुटं करता येत नाही. पण जितके प्रकार जास्त तितकी सिगरेट लवकर, ही चढण त्या अभ्यासात स्वच्छ दिसते.

शरीरात काय होतं तेही त्याला मी समजावलं, आणि उपदेशापेक्षा हे त्याला जास्त पटलं. झुरका घेतल्यावर निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत अर्ध्यावर येतं, मग चिडचिड, हात शिवशिवणं, लक्ष न लागणं. पुढची सिगरेट ती चिडचिड घालवते आणि पोराला वाटतं सिगरेटने डोकं शांत झालं. शांत झालं ते बरंचसं आधीच्या सिगरेटने बिघडवलेलं. त्याच्या बाबतीत हे कागदावर दाखवता आलं, कारण 'उद्धट' ही तक्रार कोणाकोणाची ते विचारल्यावर सगळे शेवटच्या तासांचे सर-मॅडम निघाले. साडेसहाची सिगरेट, सातची शाळा, साडेदहा-अकराला याचा पारा चढलेला. पहिल्या तासाच्या मराठीच्या बाई म्हणत होत्या, तो? तो तर गरीब आहे.

एक सर म्हणाले मेडिकलमध्ये निकोटिनच्या गोळ्या मिळतात, चघळायला द्या. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो हे खरं, पण अठराच्या आतल्या पोराला तो डॉक्टरला दाखवल्याशिवाय द्यायचा नाही, आणि या वयात आधी समुपदेशन हाच रस्ता आहे. त्याला सरकारी दवाखान्यातल्या किशोरवयीन मुलांच्या मैत्री क्लिनिकमध्ये पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी तपासून गमची गरज नाही सांगितलं.

खरा पेच पुढे होता. रात्री साडेआठ ते साडेदहा त्याला कुठेतरी बसवायचं. दोन बिल्डिंग सोडून मंडळाची अभ्यासिका आहे, पंखे आहेत, पाणी आहे, फुकट आहे. सगळ्यांनी हेच सुचवलं, मुख्याध्यापकांनी तर फोन करून जागाही मिळवून दिली. पोरगा गेला नाही. आळशी आहे, सुधारायचंच नाहीये, असं लगेच सुरू झालं. पण पहाऱ्यावरचा माणूस दोन बिल्डिंग लांब कसा जाईल? तो अभ्यासिकेत बसला तर आई आणि बहीण यांचा आवाज कोण ऐकणार? त्यामुळे क्रम उलटा करावा लागला. आधी आई आणि बहीण, मग अभ्यासिका, आणि सिगरेट सगळ्यात शेवटी.

आईला बोलावलं ते 'मुलाच्या अभ्यासाबद्दल' म्हणून. आली, डाव्या मनगटाला क्रेप बँडेज, बाथरूममध्ये पडले म्हणाली. मी म्हटलं ताई, मी पोलीस नाही, तुम्हाला काही करायलाच लावणार नाही, पण याच्या सिगरेटबद्दल बोलायचं तर रात्रीबद्दल बोलावं लागेल. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग पहिला प्रश्न विचारला तो असा, त्याला शाळेतून काढणार तर नाही ना मॅडम. जिन्यात तो सिगरेट ओढतो हे तिला माहीत होतं. तो तिथे का बसतो हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं तिला मार बसत असताना पोरगा मजा मारायला जातो, आणि हे ती त्याला एकदा बोलूनही गेली होती.

एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय. हा आकडा बायकांना विचारून काढलेला आहे. जिन्यात बसलेलं पोरगं त्यात मोजलेलं नाही.

आईला पोलीस नको होते. कारण सोपं, टेम्पो बंद पडला तर खायचं काय. तिला मी पालिका हॉस्पिटलमधल्या, घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या दिलासा विभागात पाठवलं. बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून सुरू केलेलं हे काम, नंतर इतर पालिका हॉस्पिटलांतही गेलं. मनगट दाखवायला म्हणून जाता येतं, नवऱ्याला संशय येत नाही. तिथल्या ताईंनी तिला समजावलं की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात नवऱ्याला तुरुंगात न टाकताही संरक्षणाचा आणि त्याच घरात राहण्याचा आदेश मिळवता येतो, संरक्षण अधिकाऱ्याकडे नोंद करता येते, आणि ती नोंद आज नको असेल तर कागदपत्रं तरी जपून ठेवा. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, पोरीचा जन्मदाखला एका पिशवीत घालून पोळ्यांच्या एका घरी ठेवले. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर बहिणीला पाठ करायला लावले, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ तिला शाळेच्या भिंतीवरून आधीच पाठ होता.

आणि सगळ्यात जास्त उपयोग झाला तो समोरच्या खोलीतल्या आजींचा. त्यांना सगळं ऐकू यायचं, गेली कित्येक वर्षं, पण 'त्यांच्या घरातलं आहे' म्हणून गप्प. आईने पहिल्यांदा स्वतःहून सांगितल्यावर म्हणाल्या, अगं मी तुझ्या बोलण्याचीच वाट बघत होते. ठरलं असं की साडेआठला बहीण वही घेऊन आजींकडे जाणार, सिरियल संपेपर्यंत तिथेच. आवाज चढला तर आजी दार वाजवून साखर मागणार, आणि गरज पडली तर अभ्यासिकेत फोन करणार. त्यानंतर पोरगा अभ्यासिकेत जायला लागला, कोणी न सांगता.

टपरीचं पण सांगते, कारण ते सोडलं तर प्रकरण अर्धं राहील. शाळेच्या गेटजवळ बोर्ड आहे, १०० यार्डात तंबाखू विक्रीला बंदी, रस्त्यावर पिवळी रेघ पण मारलीय, आणि टपरी रेघेच्या आत. अठराखालच्या मुलाला विकलं तर २००३ च्या कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रणाच्या कायद्यात दंड २०० रुपयांपर्यंत. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ लावलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सुटी सिगरेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे आणि सुटी सिगरेट कुठे मिळत नाही ते सांगा. या बंदीचा अर्थ मला या पोरामुळे नीट कळला. पाकिटावर ८५ टक्के जागेत तो कॅन्सरचा फोटो आणि इशारा असतो, खाली १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा फुकट नंबर असतो, आणि याने तो नंबर कधी वाचलाच नव्हता कारण याने स्वतः पाकीट कधी घेतलंच नाही. एकेक सुटी घ्यायची, तीही उधारीवर. टपरीवाल्याकडे याचं खातं होतं, ३४० रुपये. उधारी म्हणजे रोज टपरीसमोरून जायची सक्ती. आधी ती आईने हप्त्यात फेडली, मग शाळा व्यवस्थापन समितीने वॉर्ड ऑफिसात आणि पोलीस स्टेशनला लेखी दिलं. टपरी हलली. कुठे? रेघेच्या पलीकडे. चला, तेवढं तरी.

वडील एकदाच आले. ऐकून घेतलं, मग म्हणाले, मी दहाव्या वर्षापासून ओढतो, मला काय झालंय. त्यांच्या वडिलांनी त्यांना पट्ट्याने मारलेलं हेही त्यांनी हसत सांगितलं, संस्काराचा दाखला दिल्यासारखं. मी त्यांच्याशी मारहाणीचा विषय काढला नाही, आणि हे बरेच जण विचारतात म्हणून सांगते, समोरासमोर विचारलं असतं तर त्या रात्री हिशोब आईकडून चुकता झाला असता. दारू सोडायची असेल तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मराठी मीटिंग कुठे भरते तो कागद दिला. खिशात ठेवला. पुढे काही नाही.

सिगरेटचं काम यानंतर सुरू झालं आणि तेव्हा ते फार अवघड नव्हतं. साडेसहाची आधी सोडली, कारण शेवटच्या तासांचा त्रास त्याला स्वतःलाच कळला होता. पहिले दोन-तीन दिवस वाईट जातील, दोन-तीन आठवड्यांत निवळेल हे आधी सांगून ठेवलं, त्या दिवसांत शेवटच्या तासांच्या सरांना सांगून त्याला पाणी प्यायला बाहेर जायची मोकळीक ठेवली. कानाखाली देणाऱ्या सरांनीच ही मोकळीक सगळ्यात प्रामाणिकपणे पाळली हेही लिहायला हवं.

दिवाळीत सगळं उलटं फिरलं. वडिलांना सुट्टी, अभ्यासिका बंद, आजी गावाला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मोठा राडा झाला, पोरगा मध्ये पडला, भुवईला टाके. दोन दिवसांत त्याने पाकीट संपवलं, आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पाकीट घेतलं होतं. पण त्याच पाकिटावरचा नंबर बघून त्याने फोन लावला होता. सुट्टीनंतर आला तेव्हा मला राग येईल असं त्याला वाटत होतं. मी भुवईबद्दल विचारलं, सिगरेटबद्दल तोच बोलला. त्या टाक्यांमुळे आई पहिल्यांदा दिलासाच्या ताईंबरोबर संरक्षण अधिकाऱ्याकडे गेली, नोंद झाली. कोर्टात अर्ज अजून केलेला नाही, करायचा की नाही ते ती ठरवेल.

आता तो दहावीत आहे. शाळेच्या दिवशी बहुतेक शून्य, रविवारी एक-दोन, कधी तीन. सोडली असं मी लिहिणार नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे 'सुधारणा' असा शेरा आहे. या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात आजी गावाला जाणार नाहीत असं त्यांनी आताच कळवलंय, आणि मंडळाने अभ्यासिकेची एक चावी त्याच्याकडे दिलीय.